टर्बो नवा, हिशेब जुना
ट्यूनिंगशिवाय मोठा टर्बोचार्जर बसविणे इंजिनाला का महागात पडते?

गाडीचा पिकअप वाढावा म्हणून मोठा टर्बोचार्जर बसवून घ्यायचा आणि इंजिनाचे ट्यूनिंग मात्र ‘नंतर बघू’ म्हणून पुढे ढकलायचे, हा प्रकार वरवर पाहता काटकसरीचा वाटतो. टर्बो हा नटबोल्टने बसणारा भाग आहे. जुना सोडवला, नवा बसवला, तेलाचे पाइप जोडले की काम झाले, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात या दोन कामांमधला काळ हाच इंजिनाच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचा काळ ठरतो. कारण टर्बो बदलताना केवळ एक सुटा भाग बदललेला नसतो, तर इंजिनाच्या संपूर्ण हिशेबातील एक आकडा बदललेला असतो आणि इंजिनाचा संगणक मात्र जुन्याच आकड्यावर चालत राहतो.

बीड जिल्ह्यासारख्या भागात हा विषय केवळ हौसेचा नाही. परळी वैजनाथला रेल्वेमार्ग जुना असला, तरी बीड शहरात रेल्वे पोहोचण्यासाठी सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले. त्यामुळे दवाखाना, बाजार, न्यायालय, लग्नकार्य असे सारे व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावरच अवलंबून राहिले. जीप, पिकअप किंवा डिझेल मोटार ही येथे अनेक घरांची रोजीरोटी असते आणि ती बहुधा कर्जाऊ घेतलेली असते. अशा गाडीचे इंजिन उघडावे लागले, तर दुरुस्तीच्या बिलाबरोबर हप्ताही थकतो. म्हणूनच टर्बोला हात लावण्यापूर्वी तो काय करतो आणि त्याच्याबरोबर आणखी काय काय बदलावे लागते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

टर्बो नेमके काय करतो?

इंजिनाची ताकद शेवटी दोन गोष्टींवर ठरते : सिलिंडरमध्ये किती हवा गेली आणि त्या हवेच्या प्रमाणात किती इंधन जळाले. साधे इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढता येईल तेवढीच ओढते. टर्बोचार्जर ही मर्यादा ओलांडतो. जळून बाहेर पडणारा तप्त धूर त्याच्या एका चाकाला फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेले चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. एरवी सायलेन्सरमधून वाया जाणारी ऊर्जा अशी कामी येते. या दाबालाच गॅरेजच्या भाषेत ‘बूस्ट’ म्हणतात.

ही कल्पना शतकाहून जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. १९२५ च्या सुमारास डिझेल इंजिनावर टर्बो बसवून सुमारे ४० टक्के अधिक शक्ती मिळवून दाखविण्यात त्याला यश आले. आज छोट्या मोटारीतील टर्बोचे चाक मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास फिरू शकते. हा दांडा कोणत्याही घट्ट आधारावर नव्हे, तर तेलाच्या अतिशय पातळ थरावर तरंगत फिरतो. त्याची एक बाजू शेकडो अंश तापलेल्या धुरात असते, तर दुसरी बाजू बाहेरच्या हवेत. इतक्या नाजूक तोलावर चालणाऱ्या यंत्राचा आकार बदलला, की त्याच्या पुढचे-मागचे सारे गणित बदलते.

संगणकातील हिशेब

जुन्या गाड्यांत इंधनाचे माप कार्ब्युरेटर किंवा यांत्रिक डिझेल पंप ठरवत असे. आजच्या गाड्यांत हे काम इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू करतो. हवेचे प्रमाण, तिचा दाब, तिचे तापमान, इंजिनाच्या फेऱ्या, अ‍ॅक्सिलरेटरची स्थिती अशी माहिती सेन्सरकडून क्षणोक्षणी येत असते. ती घेऊन संगणक आपल्या आतील कोष्टके पाहतो आणि किती इंधन सोडायचे, ते नेमके कधी सोडायचे, ठिणगी केव्हा पाडायची, टर्बोचा दाब किती ठेवायचा हे ठरवतो. ही कोष्टके मूळ टर्बोला धरून, चाचणी यंत्रावर आणि रस्त्यावर दीर्घकाळ तपासण्या करून तयार केलेली असतात. ट्यूनिंग म्हणजे हीच कोष्टके नव्या परिस्थितीनुसार पुन्हा लिहिणे.

‘संगणक आहे ना, तो आपोआप जुळवून घेईल’ हे गॅरेजमध्ये हमखास ऐकू येणारे वाक्य अर्धसत्य आहे. संगणक लहानसहान फरक जुळवून घेतो. हवेचे तापमान, इंधनाच्या दर्जातील थोडाफार बदल, भागांची झीज एवढ्यासाठी त्याला मुभा दिलेली असते. मात्र ही मुभा ठरावीक मर्यादेतच असते. सेन्सरची मोजण्याची क्षमताही मर्यादित असते. हवेचा दाब सेन्सरच्या कमाल आकड्यापलीकडे गेला, तर संगणकाला तो कमाल आकडाच दिसत राहतो. प्रत्यक्षात हवा वाढलेली असते, पण हिशेबात तिची नोंदच होत नाही.

पेट्रोल इंजिन : हवा वाढली, इंधन तेवढेच

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी एक ग्रॅम पेट्रोलमागे सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. टर्बो पूर्ण दाबाने चालू असताना मात्र उत्पादक मुद्दाम इंधन जास्त सोडतात. हे प्रमाण साधारण १२ ग्रॅम हवेला एक ग्रॅम पेट्रोल असे असते. जास्तीचे पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषून घेते आणि ज्वलनकक्ष काहीसा थंड राखते. ही उधळपट्टी नसून इंजिनाचे संरक्षण असते.

आता एक साधे उदाहरण घेऊ. संगणकाच्या हिशेबाने १०० ग्रॅम हवा आली असून त्याने ८.३ ग्रॅम पेट्रोल सोडले आहे. नव्या मोठ्या टर्बोने मात्र प्रत्यक्षात १२५ ग्रॅम हवा भरली आहे. मग खरे प्रमाण १२ ला एक न राहता १५ ला एक होते. म्हणजे जेथे इंधनाची सर्वाधिक गरज, तेथेच इंजिन उपाशी राहते. मिश्रणाची उष्णता वाढते आणि ठिणगी पडल्यानंतर ज्वाला पोहोचण्याआधीच कोपऱ्यातील मिश्रण आपोआप पेट घेते. यालाच नॉकिंग म्हणतात. पिस्टनवर हातोडीचे घाव बसावेत तसा खणखणाट ऐकू येतो. कधी गाडीच्या आवाजात तो ऐकूही येत नाही.

संगणक नॉक सेन्सरच्या आधारे ठिणगी उशिरा पाडून बचाव करू पाहतो. परंतु ठिणगीला उशीर झाला, की ज्वलन लांबते आणि एक्झॉस्टचे तापमान वाढते. पेट्रोल टर्बो इंजिनात हे तापमान ९०० अंश सेल्सियसच्या पुढे जाऊ शकते. पिस्टन ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, तो त्याहून बऱ्याच कमी तापमानाला वितळतो. पिस्टन टिकतो तो खालून उडणाऱ्या तेलामुळे आणि भोवतीच्या पातळ थंड थरामुळे. नॉकिंग हा थर फोडते. त्यानंतर पिस्टनच्या कडा झिजणे, रिंगांमधील पट्टी तुटणे, माथ्याला छिद्र पडणे किंवा हेड गॅसकेट उडणे या गोष्टींना किलोमीटर मोजावे लागत नाहीत. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवरची एक लांब चढणही पुरेशी ठरू शकते.

डिझेलचे गणित वेगळे, पण सुटका नाही

डिझेल इंजिन नेहमीच गरजेपेक्षा जास्त हवेवर चालते. त्यामुळे ‘डिझेलला हवा कितीही दिली तरी चालते’ असा समज आहे. केवळ जादा हवेने डिझेलचा पिस्टन वितळत नाही, इतपत तो खरा आहे. धोका येतो तो अन्य मार्गांनी.

पहिला मार्ग म्हणजे उशिराचा दाब. मोठे चाक फिरायला जास्त धूर लागतो. कमी फेऱ्यांवर तो उपलब्ध नसतो. संगणक मात्र जुन्या टर्बोच्या हिशेबाने दाब लवकर येईल असे धरून चालतो. त्यात धुराची मर्यादा नीट सांभाळणारी व्यवस्था नसेल, तर हवा येण्याआधीच डिझेल येते आणि गाडी काळा धूर मारते. ही व्यवस्था असेल, तर संगणक डिझेल रोखून धरतो आणि गाडी आधीपेक्षाही मंद वाटते. म्हणजे पिकअपसाठी खर्च केला आणि पिकअपच गेला!

दुसरा मार्ग दाबाच्या गोंधळाचा. अपेक्षेपेक्षा दाब जास्त झाला, तर संगणक ‘पी ०२३४’ आणि कमी पडला तर ‘पी ०२९९’ हा दोष नोंदवतो. अनेक गाड्या अशा वेळी इंजिनाची ताकद घटवून कशीबशी चालण्याच्या अवस्थेत जातात. ओव्हरटेक करताना समोरून ट्रक येत असेल आणि त्याच क्षणी गाडीची ताकद निघून गेली, तर हा केवळ यांत्रिक दोष राहत नाही.

तिसरा मार्ग सर्वांत खर्चिक. टर्बो मोठा झाला तरी ताकद वाढली नाही, म्हणून पुढे डिझेल वाढविण्याचा सोपा उपाय शोधला जातो. जुन्या गाड्यांत पंपाची सेटिंग वाढवून घेतात. नव्या गाड्यांत सेन्सरच्या वायरमध्ये एक छोटा डबा जोडतात. स्वस्तातले असे अनेक डबे इंधनाच्या नळीतील दाब प्रत्यक्षापेक्षा कमी असल्याचे संगणकाला खोटेच सांगतात. मग संगणक दाब वाढवतो. कॉमन रेल डिझेल गाडीत हा दाब हजार बारच्याही पुढे असतो. खोटी माहिती देऊन केलेली वाढ हे ट्यूनिंग नव्हे. जादा डिझेलाने एक्झॉस्टचे तापमान चढते, इंजेक्टर आणि पंपावर ताण येतो आणि कमी फेऱ्यांवर अचानक वाढलेल्या दाबाने कनेक्टिंग रॉड वाकण्याची भीती राहते.

बीडचे ऊन आणि बालाघाटचे चढ

गाडीची परीक्षा कोठे होते, यालाही महत्त्व आहे. बालाघाटच्या पठारावर वसलेल्या या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो. हवा दाबली की ती तापते. बाहेरची हवा ४० अंशांची असताना टर्बोने तिचा दाब दुप्पट केला आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर इंटरकूलरपूर्वी तिचे तापमान सुमारे १४० अंशांवर जाते. दाब २.४ पट केला आणि टर्बो त्याच्या योग्य टप्प्याबाहेर चालल्याने कार्यक्षमता ६५ टक्क्यांवर घसरली, तर हाच आकडा १७५ अंशांच्या पुढे सरकतो. मूळ इंटरकूलर एवढी उष्णता काढण्यासाठी बनवलेला नसतो. तप्त हवेत प्राणवायू कमी आणि नॉकिंगची शक्यता अधिक, असा दुहेरी तोटा होतो.

उंचीचाही परिणाम होतो. समुद्रसपाटीपासून ५०० ते ७०० मीटरवर हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण पाच ते आठ टक्क्यांनी कमी असतो. ठरलेला दाब गाठण्यासाठी टर्बोला येथे अधिक वेगाने फिरावे लागते. दाबावर नियंत्रण नसेल, तर चाक आपल्या मर्यादेपलीकडे फिरू लागते.

त्यात घाटांची भर. धुळे-सोलापूर महामार्गावरील मांजरसुंब्याचा घाट असो की धारूर-तेलगाव रस्त्यावरील धारूरचा घाट, भरलेली गाडी येथे कमी वेगाने, जास्त ताणाखाली आणि बराच वेळ चढते. वेग कमी असल्याने रेडिएटर आणि इंटरकूलरला वारा कमी मिळतो. सपाट रस्त्यावर दहा सेकंद पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन घेतलेली ‘ट्रायल’ या परिस्थितीचे चित्र दाखवत नाही. साखर हंगामात ऊसतोड मजुरांची कुटुंबे आणि त्यांचे सामान घेऊन वाहने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. अशा प्रवासात मध्येच गाडी उभी राहण्याची किंमत केवळ मालकालाच मोजावी लागत नाही.

एकच इंजिन, दोन टर्बो

टर्बो आणि हिशेब यांची जोडी तोडू नये, हे दाखवणारे उदाहरण भारतीय रस्त्यांवरच आहे. फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट घराण्याचे डिझेल इंजिन देशातील अनेक मोटारींत वापरले गेले. पुणे-अहिल्यानगर मार्गावरील रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार होत असे. मारुतीने २००७ मध्ये स्विफ्टमध्ये ते आणले, तेव्हा साध्या टर्बोसह त्याची शक्ती ७५ पीएस आणि टॉर्क १९० न्यूटन मीटर होता. पुढे २०११ मध्ये एसएक्स-४ मध्ये आणि २०१२ मध्ये एर्टिगामध्ये तेच १.३ लिटरचे इंजिन कोन बदलणाऱ्या पात्यांच्या टर्बोसह आले. शक्ती ९० पीएस आणि टॉर्क २०० न्यूटन मीटर झाला. बीएस-६ निकष लागू झाल्यावर २०२० मध्ये मारुतीने डिझेल मोटारींचे उत्पादन थांबवले. परंतु अशा असंख्य गाड्या आजही रस्त्यावर आहेत आणि जुन्या बाजारात त्यांना मागणीही आहे.

इंजिन तेच म्हटल्यावर ‘९० चा टर्बो ७५ च्या गाडीला बसवला की झाले’ असा मोह होणे स्वाभाविक आहे. पण उत्पादकाने केवळ टर्बो बदलला नव्हता. त्या टर्बोच्या पात्यांचा कोन कोणत्या फेऱ्यांवर किती ठेवायचा, दाब किती वाढू द्यायचा, डिझेल किती आणि केव्हा सोडायचे याचा सारा हिशेबही नव्याने मांडला होता. जुन्या गाडीच्या संगणकाला ही पाती सांभाळायची असतात हेच ठाऊक नसते. पाती मिटलेल्या स्थितीत अडकली तर दाब बेसुमार वाढतो. उघडी राहिली तर गाडीत दमच राहत नाही. १५ पीएसचा तो फरक टर्बोच्या पेटीत नसून टर्बो आणि कोष्टके यांच्या जुळणीत आहे.

साठ वर्षांपूर्वीचा धडा

टर्बो बसवला पण त्याच्या अटी पाळल्या नाहीत, तर काय होते याचा अनुभव मोटार उद्योगाने अगदी सुरुवातीलाच घेतला आहे. अमेरिकेतील ओल्ड्समोबिलने १९६२ मध्ये जेटफायर ही टर्बो असलेली प्रवासी मोटार बाजारात आणली. तिच्या ३.५ लिटरच्या इंजिनात नॉकिंग होऊ नये म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण एका वेगळ्या टाकीतून फवारले जाई. टाकी भरलेली ठेवणे ही मालकाची जबाबदारी होती. अनेकांनी ती पाळली नाही. टाकी रिकामी झाली की गाडीची ताकद घटे आणि तक्रारी वाढत. १९६३ नंतर ही गाडी बंद झाली. पुढे अनेक गाड्यांचे टर्बो काढून त्या जागी साधा कार्ब्युरेटर बसविण्यात आला.

पेट्रोल टर्बो घरोघरच्या गाडीत विश्वासाने वापरता येऊ लागला, तो नॉकिंग ओळखून दाब आपोआप कमी करणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आल्यानंतर. स्वीडनच्या साब कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस अशी व्यवस्था आपल्या गाड्यांत दिली. दाब वाढविणारे यंत्र आधी आले होते. त्याला लगाम घालणारी बुद्धी आल्यावरच ते टिकाऊ झाले.

इंजिनाबाहेरची साखळी

वाढलेली ताकद सर्वांत आधी क्लचवर येते. मूळ टॉर्कला धरून बनवलेली क्लच प्लेट घसरू लागते. फेऱ्या वाढतात पण गाडी पुढे जात नाही. त्यानंतर गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल आणि टायर यांची पाळी येते. ब्रेक मात्र जुनेच असतात. गाडी वेग लवकर घेऊ लागली, तरी थांबण्यास लागणारे अंतर कमी झालेले नसते.

तेलाची जोडणी हाही दुर्लक्षित विषय आहे. नवा टर्बो बसवताना तेलाचा जुना पाइप साफ केला नाही, टर्बोमध्ये आधी तेल भरून घेतले नाही किंवा तेल परत जाणारी नळी दाबली गेली, तर सुरुवातीच्या काही क्षणांतच बेअरिंग खराब होऊ शकते. भंगार बाजारातून आणलेल्या टर्बोच्या बाबतीत ही शक्यता अधिक. दांड्याची सील गेली, की इंजिन ऑइल हवेच्या मार्गात शिरते.

डिझेल गाडीत याचा परिणाम भयंकर होऊ शकतो. इंजिन डिझेलऐवजी स्वतःचेच ऑइल जाळू लागते आणि चावी बंद केली तरी फेऱ्या वाढतच जातात. गाडी गिअरमध्ये असेल तर न्यूट्रल करू नये. ब्रेक दाबून गाडी रस्त्याच्या कडेला थांबवावी आणि क्लच न दाबता इंजिन बंद पडू द्यावे. गाडी उभी असेल तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकावा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडावे. तेही जमले नाही, तर सर्वांनी खाली उतरून दूर व्हावे. हवेच्या नळीवर हात ठेवून इंजिन बंद करण्याचा प्रयत्न कदापि करू नये.

‘तोपर्यंत चालवू’

टर्बो बसवणारे कुशल हात बीड, अंबाजोगाई किंवा माजलगावात मिळू शकतात. परंतु इंजिनाची शक्ती मोजणारे डायनो यंत्र आणि संगणकाची कोष्टके जबाबदारीने लिहिणारे तज्ज्ञ शोधायचे, तर बहुधा पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते. बीडहून पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. मग टर्बो आज गावात बसवायचा आणि ट्यूनिंगसाठी पुढच्या महिन्यात सवडीने जायचे, असे ठरते. गाडी चालू झाली, धूर दिसत नाही, दिवा लागत नाही, म्हणजे सारे ठीक आहे असे वाटते. धोक्याची जागा नेमकी हीच आहे.

पिस्टनवरचे घाव साचत जातात. नॉकिंग रोज थोडे थोडे होत असेल, तर पहिल्या आठवड्यात काहीच जाणवत नाही. पुढे कधी तरी उन्हाच्या कडाक्यात, भरल्या गाडीनिशी घाट चढताना इंजिन हात टेकते. तेव्हा दोष त्या दिवसाच्या उन्हाला दिला जातो. खरे कारण महिन्यापूर्वी अर्धवट सोडलेल्या कामात असते.

यावर उपाय साधा आहे. टर्बो जेथे ट्यूनिंग होणार तेथेच बसवावा. ते शक्य नसेल तर गाडी दुसऱ्या वाहनावर लादून न्यावी. चालवतच न्यावी लागली तर तज्ज्ञाकडून दाब मूळ पातळीपर्यंत मर्यादित करून घ्यावा, तात्पुरती सुरक्षित कोष्टके भरून घ्यावीत, गाडी रिकामी ठेवावी आणि अ‍ॅक्सिलरेटर हलका ठेवावा. दाब मूळ पातळीवर ठेवला तरी मोठा टर्बो तेवढ्याच दाबाला अधिक थंड आणि अधिक वजनाची हवा देऊ शकतो, त्यामुळे हाही उपाय तात्पुरताच समजावा.

कायदा, विमा आणि हमी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांपासून भिन्न होतील, असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात ही तरतूद स्पष्ट केली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी बीड किंवा अंबाजोगाई येथील परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करणे शहाणपणाचे ठरते.

काळा धूर ओकणारी गाडी पीयूसी चाचणीत नापास होऊ शकते. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल मोटारींत काजळी अडविणारा फिल्टर बसविलेला असतो. चुकीच्या मिश्रणाने तो लवकर तुंबतो आणि तो बदलणे अतिशय खर्चिक असते. कंपनीची हमी अशा बदलामुळे संपुष्टात येऊ शकते. विमा कंपनीला न कळवलेला बदल हा अपघातानंतर दावा नाकारण्याचे कारण ठरू शकतो, आणि ही गोष्ट बहुधा अपघातानंतरच लक्षात येते.

बदली आणि बदल यांत फरक

टर्बो खराब झाला म्हणून तसाच नवा बसविणे आणि ताकदीसाठी वेगळा टर्बो बसविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात मूळ भाग क्रमांक जुळवून घेतला, तर नवीन ट्यूनिंगची गरज नसते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा टर्बो असेल, तर स्कॅनर लावून त्याची नोंद मात्र करून घ्यावी लागते. अनेकदा पिकअप गेल्याचे कारण टर्बोत नसतेच. तुंबलेला एअर फिल्टर, फाटलेला इंटरकूलरचा होज, काजळीने अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह किंवा थकलेले इंजेक्टर यांमुळेही गाडीचा दम जातो. मोठ्या टर्बोचा विचार करण्यापूर्वी ही तपासणी अवश्य करावी. पुष्कळांची हौस तेथेच, थोडक्या पैशांत भागते.

काम करायचेच तर

* आधी इंजिनाची प्रकृती पाहावी. कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. ऑइल जाळणाऱ्या इंजिनाला मोठा टर्बो लावू नये.
* टर्बो, इंटरकूलर, इंजेक्टर, पंप, क्लच आणि ट्यूनिंग यांचा खर्च एकत्र धरावा. त्यात ट्यूनिंगचे पैसे बसत नसतील, तर टर्बोही घेऊ नये.
* ट्यूनिंग करताना हवा-इंधन प्रमाण, एक्झॉस्टचे तापमान, टर्बोचा दाब आणि पेट्रोल गाडीत नॉकिंग या गोष्टी प्रत्यक्ष मोजल्या जातात का, हे विचारावे. केवळ लॅपटॉप जोडून दहा मिनिटांत ‘फाइल’ भरणे म्हणजे ट्यूनिंग नव्हे.
* मूळ फाइलची प्रत आणि चाचणीचे आकडे आपल्याकडे घ्यावेत.
* बूस्ट गेज आणि शक्य असल्यास एक्झॉस्ट तापमानाचा गेज कायमचा बसवावा.
* ऑइल उत्पादकाने सांगितलेल्या दर्जाचेच वापरावे आणि वेळेआधी बदलावे. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवावे.
* खणखणाट, काळा किंवा निळा धूर, शिट्टीसारखा वाढता आवाज, अचानक जाणारी ताकद किंवा इंजिनाचा दिवा यांपैकी एकही लक्षण दिसल्यास गाडी ओढूनच गॅरेजमध्ये न्यावी.

मोठा टर्बो हा इंजिनाचा शत्रू नाही. उत्पादक स्वतःच एका इंजिनाला वेगवेगळे टर्बो देऊन त्याच्या अनेक आवृत्त्या काढतात. फरक इतकाच, की ते टर्बो आणि हिशेब एकाच वेळी बदलतात. गावातील गॅरेजमध्येही हाच नियम लागू आहे. दोन्ही कामांचे पैसे हाती असतील तेव्हाच हात घालावा. एकाचेच असतील, तर जुना टर्बो, स्वच्छ फिल्टर आणि वेळेवर बदललेले ऑइल यांवर गाडी अधिक वर्षे साथ देते.